मदत हवी आहे: जीपीआयबीवर दोन मीटर, एक सप्लाय आणि सारखा टाइमआउट

एका रेझिस्टरचा रोध तापमानाबरोबर कसा सरकतो ते रात्रभर नोंदवायचं आहे. जीपीआयबीवर, म्हणजे मोजमापाची उपकरणं संगणकाला जोडणाऱ्या सामायिक केबल-बसवर, तीन उपकरणं आहेत. साडेसहा अंकी मल्टिमीटर अ‍ॅड्रेस २२ वर, बराच जुना साडेपाच अंकी मल्टिमीटर २३ वर आणि पॉवर सप्लाय ५ वर. संगणकाला यूएसबी-जीपीआयबी अ‍ॅडॉप्टर लावलाय, प्रोग्रॅम पायथनमध्ये पायव्हिसा (उपकरणांशी बोलायची लायब्ररी) वापरून लिहिलाय.

सप्लाय आणि नवा मीटर '*आयडीएन?' विचारलं की लगेच नाव सांगतात. जुना मीटर मात्र गप्प. त्याहून त्रासदायक म्हणजे नवा मीटर एकटा तपासला तेव्हा भराभर रीडिंग देत होता, पण प्रोग्रॅममध्ये नॉइज कमी करायला इंटिग्रेशन (एका रीडिंगसाठी मोजण्याचा वेळ) १०० पॉवर लाइन सायकलवर, म्हणजे विजेच्या पुरवठ्याच्या १०० आवर्तनांवर, नेलं आणि पहिल्याच 'रीड?'ला टाइमआउट. पुढची कमांड पाठवली की मीटर बीप करतो, एरर उणे ४१०.

केबल बदलून पाहिल्या, जोडणीचा क्रम बदलला. एकूण केबल ५ मीटर आहे. दोन दिवस यातच गेले. केबलचाच दोष असेल का? कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद १
केबल सोडा. उपकरणामागे २ मीटर केबल आणि एकूण २० मीटर, यातलं जे कमी ती मर्यादा. संगणक धरून तुमची चार उपकरणं, म्हणजे ८ मीटरपर्यंत चालेल.

आता हिशोब करा. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, १०० सायकलींचे झाले २ सेकंद. ऑटोझिरो चालू असेल तर मीटर प्रत्येक रीडिंगसोबत शून्यही मोजतो, म्हणजे जवळपास ४ सेकंद. पायव्हिसाचा टाइमआउट मुळात २००० मिलिसेकंद. मीटर मोजतोय तोवर तुमचा प्रोग्रॅम कंटाळून निघून जातो! उणे ४१० त्यातूनच येतो: आधीचं उत्तर कोणी पुरतं वाचलंच नाही आणि वर नवी कमांड आली.

टाइमआउट १०००० करा. एकक मिलिसेकंद आहे, सेकंद नव्हे. आणि टाइमआउट झालाच, तर पुढची कमांड पाठवण्याआधी 'क्लिअर' करा, नाहीतर अडकलेलं जुनं उत्तर पुन्हा आडवं येतं.

प्रतिसाद २
जुन्या मीटरबद्दल. जीपीआयबीचं आयईईई ४८८ मानक १९७५ चं. त्यात पिना, हँडशेक (डेटा देण्याघेण्याची खूण), अ‍ॅड्रेसिंग ठरलं, पण उपकरणाशी कोणत्या शब्दांत बोलायचं ते नाही. '*आयडीएन?' सारख्या कमांड १९८७ च्या ४८८.२ मध्ये आल्या, एससीपीआय ही उपकरणांची समान कमांड-भाषा १९९० मध्ये. त्याआधीचा प्रत्येक मीटर आपलीच बोली बोलतो, त्यामुळे तुमचा बिघडलाय असं समजू नका. माझ्याकडे एचपी ३४७८ए आहे. त्याला डीसी व्होल्टसाठी 'एफ१', ऑटो रेंजसाठी 'आरए', साडेपाच अंकांसाठी 'एन५' पाठवतो आणि सरळ रीड करतो. प्रश्नचिन्हाची गरजच नाही. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा, त्यात कमांडचा तक्ता असतोच.

एक विचारतो: सप्लाय लागत नसेल तेव्हा बंद ठेवून केबल तशीच लावून ठेवता का? बसवरची निदान दोन तृतीयांश उपकरणं चालू हवीत. तुमची संख्या कमी आहे, एखादं बंद राहिलं तरी हद्द जवळ येते. बंद ठेवायचं असेल तर केबलच काढा.

धागाकर्ता
नव्या मीटरचा प्रश्न सुटला. आधी मी टाइमआउट १० लिहिला, तर काहीच चालेना, साधं नावही येईना. मग मिलिसेकंदाचं वाक्य पुन्हा वाचलं. १०००० वर रीडिंग येत आहेत, तासाभरात एकही चुकलं नाही. सप्लाय कधीकधी बंद राहायचा, आता चालूच ठेवतोय.

जुन्या मीटरचं मॅन्युअल स्कॅन केलेलं मिळालं, कमांड खरंच एकेका अक्षराच्या आहेत. डीसी व्होल्ट वाचता आले. आता ओहम मोजायला चार वायरी जोडतोय. प्रोग्रॅम चालू असताना समोरची बटणं दाबली तर काहीच होत नाही, हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद २
बरोबर आहे, मीटर रिमोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या ताब्यात आहे. समोरचं लोकल बटण दाबा, बटणं परत चालतील. मात्र नोंद चालू असताना दाबू नका, मधेच रेंज बदलली गेली तर त्या रात्रीचा डेटा वाया जाईल.