‘मार्केट मेकर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (अमळनेर): शेअर बाजारावरच्या एका मराठी मजकुरात ‘मार्केट मेकर’साठी ‘बाजार निर्माता’ आणि ‘स्पेशालिस्ट’साठी ‘तज्ज्ञ’ असं वाचलं. अर्थ लागेना. सरळ ‘आडत्या’ म्हटलं तर?

उत्तर (जळगाव): आडत्या नको, भाऊ. मार्केट यार्डात आडत्या आपला माल विकून देतो आणि आडत घेतो. हरभऱ्याचा भाव पडला तर फटका शेतकऱ्याला, आडत्याची आडत सुटत नाही. मार्केट मेकर स्वतःचे पैसे घालून शेअर घेतो, जवळ ठेवतो, भाव पडला तर स्वतः सोसतो.

त्याच्या जवळचा माणूस म्हणजे आपला सराफ. जुनी पाटली पुढे ठेवली की तो मोडीचा भाव सांगतो. तेवढंच सोनं घ्यायचं म्हटलं की भाव वेगळा, आणि मजुरी वरून. गिऱ्हाईक घ्यायला येवो की मोडायला, दोन्ही भाव त्याच्या तोंडात तयार.

शेअरचंही तसंच. समजा तो ९९.८० ला घेतो, १००.२० ला देतो. मधले ४० पैसे म्हणजे स्प्रेड, त्याची कमाई. सगळेच विकायला धावले की त्याच्याकडे शेअर साचतात. मग तो दोन्ही भाव उतरवतो, ९९.५० आणि ९९.९० करतो. मोठी बातमी आली, कुठे जाईल कळेना, की मधलं अंतरच वाढवतो. भावावर त्याचा हात चालतो तो एवढाच. उगाच चढा भाव लावून बसला तर सगळे त्यालाच आणून विकतील.

‘तज्ज्ञ’ मात्र साफ चूक. स्पेशालिस्ट हे न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजमधलं पद होतं. ठरावीक शेअर ठरावीक स्पेशालिस्टकडे सोपवलेले असत. आलेल्या ऑर्डरी त्याच्या वहीत आणि सकाळचा पहिला भावही तोच काढायचा. २००८ मध्ये हे नाव जाऊन ‘डेझिग्नेटेड मार्केट मेकर’ आलं. त्यामुळे ‘स्पेशालिस्ट’ तसंच ठेवावं, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्यावा.

प्रश्नकर्ता: मग ‘दुभावी’ कसा वाटतो?

उत्तर: कानाला ‘दुजाभाव’ लागतो, म्हणून मी टाळेन. मुंबईच्या शेअर बाजारात ‘जॉबर’ला ‘तारवणीवाला’ म्हणत. तोही स्वतःच्या खात्यावर घ्यायचा-द्यायचा. शब्द घरचा आहे, पण आज किती जणांना कळेल? मी ‘दुतर्फा भाव देणारा व्यापारी’ असं एकदा लिहून पुढे ‘मार्केट मेकर’च वापरतो. आपल्याकडे एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या शेअरांत, बाजारात नोंदणी झाल्यानंतर निदान ३ वर्षं मार्केट मेकर सक्तीचा आहे, तिथे कागदोपत्रीही हाच शब्द येतो.

प्रश्नकर्ता: ‘बाजार निर्माता’ खोडला. सराफाचा दाखला मात्र मजकुरात घेतो. आमच्या आईलाही तो लगेच कळला.