कोड असलेल्या दुसरीतल्या मुलीसाठी गोष्टीची पुस्तकं सुचवा

कोथरूडची_मावशी
माझ्या भाचीच्या गुडघ्यांवर आणि ओठांजवळ कोड आलंय. वर्गातली दोन मुलं तिच्या शेजारी बसत नाहीत, म्हणून ती भर उन्हाळ्यातही पाय झाकून जाते. मराठी पुस्तकं हवी आहेत. उपदेश नको, गोष्ट हवी. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं तर बोधकथांचे संच पुढे आले.

पानसुपारी
‘कुरूप वेडे पिल्लू’ सध्या बाजूला ठेवा असं सांगेन. गदिमांचं गाणं मलाही पाठ आहे, गोडच आहे. पण त्या पिल्लाचे दिवस पालटतात ते राजहंस निघाल्यावर. डाग जातील की राहतील हे कुणालाच ठाऊक नसताना पोरीला त्या आशेवर का ठेवायचं?

‘तोत्तोचान’ आणा, एका जपानी मुलीच्या शाळेतल्या दिवसांची गोष्ट. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टचं पुस्तक. प्रकरणं छोटी आहेत, रोज रात्री एक वाचून दाखवा. त्यात ताकाहाशी नावाचा मुलगा आहे, हातपाय आखूड, उंची वाढणार नाही. मुख्याध्यापक कोबायाशी क्रीडादिनाच्या शर्यतीच अशा आखतात की तो पहिला येतो. बक्षीस काय, तर भाज्या! आणि पोहण्याचं प्रकरण चुकवू नका. मुलं कपड्यांशिवाय पाण्यात उतरतात, कारण आपल्या शरीराची कुणालाच लाज वाटू नये असं सरांना वाटतं. तुमच्या भाचीला हेच हवंय. मात्र पुढे तोत्तोचानचा वर्गमित्र यासुआकी-चानचा मृत्यू येतो, तो भाग आधी स्वतः वाचून ठेवा.

कोथरूडची_मावशी
मनापासून आभार. पण वर्गातल्या त्या दोघांचं काय करू?

नदीकाठ
मावशी, पुस्तक एकट्या तिला दिलं तर ‘माझ्यातच काहीतरी आहे’ असं तिला वाटेल. बाईंना सांगा, अशा गोष्टी सगळ्या वर्गाला वाचून दाखवा, तिचं नाव न घेता. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात, छापून वर्गात नेता येतात.

त्या मुलांच्या आईवडिलांशीही बोला. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे घरातूनच सांगितलं जायला हवं. मोठ्यांसाठी सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (2006) बघा, त्यातली नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. पुण्यातच श्वेता असोसिएशन हा कोड असलेल्यांचा आधारगट आहे, भाचीच्या आईला तिथे नक्की घेऊन जा.

कोथरूडची_मावशी
‘तोत्तोचान’ उद्याच आणते. बाईंना सोमवारी भेटते.