पोरं रक्तदानाला येत नाहीत. आधी त्यांना विचारायचं की थेट पोस्टर लावायचं?

मुठाकाठ
आमची लहानशी संस्था आहे. पेठांमध्ये आणि कोथरूडला रक्तदान शिबिरं घेतो. अडचण अशी की पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली बाटली दिली, तीच मंडळी अजून येतात. वयाची मर्यादा 65, आणि त्यातले बरेच जण आता तिथे पोचलेत. मागे नवीन कोणी नाही.

मागच्या बैठकीत मी म्हटलं, यंदा पोस्टर छापण्याआधी महिनाभर फक्त अठरा ते तिशीतल्या मुलामुलींशी बोलू. का येत नाहीत, एकदा येऊन परत का फिरकले नाहीत, ते ऐकू. खजिनदारकाका म्हणाले, "रक्त गोळा करायचंय की मतं?" सगळे हसले, विषय संपला. मला वाटतं काका चुकतायत. तुम्हाला?

जुनाखोड
काका बरोबर आहेत. 1969 साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा कोणी फॉर्म फिरवून पोरांची आवड विचारली होती? आम्ही एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात खड्डे खणले, तिथेच पहिल्यांदा रक्त दिलं. आजचंच बघा. गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो. ऑफिस करून आलेली पोरं कमरेला ढोल बांधून हात सोलवटेपर्यंत वाजवतात. त्यांचा सर्व्हे कोणी केला? काम जिवंत असलं की माणसं येतात. नसलं की सर्व्हे सुचतात.

मुठाकाठ
@जुनाखोड एनएसएसचे दोन वर्षांत 240 तास भरावे लागत, सर्टिफिकेट मिळे. सगळे काही खड्ड्याच्या प्रेमाने आले नव्हते :) ढोलाचं मात्र पटलं. पण तिथे पोरं का टिकतात हे तुम्ही तरी विचारलंय का? मी दोघांना विचारलं. एकाला मित्राने ओढून नेलं होतं. दुसरी म्हणाली, एक दिवस गेले नाही तर फोन येतो. आमच्या शिबिरात पाच वर्षं कोणी आलं नाही तरी आमचा फोन जात नाही.

रक्तपेढीतली
मी रक्तपेढीत काम करते. दोघांनाही सांगते, अर्धी उत्तरं आमच्या रजिस्टरमध्ये पडून आहेत. शिबिरात मुली येत नाहीत म्हणता, येतात हो! हिमोग्लोबिन 12.5 लागतं, वजन किमान 45 किलो. कित्येक जणी तिथेच अडकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, मग नवल ते काय. पण परत कसं पाठवतो ते बघा. रांगेत सगळ्यांसमोर "तुझं नाही चालणार, नेक्स्ट". कारण नीट सांगत नाही, गोळ्या कुठे मिळतील ते सांगत नाही, तीन महिन्यांनी ये असंही म्हणत नाही. ती मुलगी पुन्हा येईल? आणि जाताना मैत्रिणीलाही घेऊन जाते. यावर पोस्टरचा काय इलाज?

जुनाखोड
हे पटण्यासारखं आहे. पण यात पाहणी कुठे आली? टेबलावरच्या माणसाला नीट बोलायला शिकवा, झालं.

रक्तपेढीतली
@जुनाखोड काका, ही पाहणीच आहे. फक्त त्याला नाव आणि बजेट नाही.

ब्रँडवाला_बाणेर
माझं पोट याच धंद्यावर आहे, म्हणून धोका सांगतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये "रक्तदान कराल का?" विचाराल तर सगळे "हो" लिहितील. "नाही" लिहून वाईट कोण दिसणार? पुढे काय कराल ते विचारूच नका. "मागच्या वेळी कॉलेजात शिबिर होतं, त्या दिवशी तू काय केलंस?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. आठ-दहा जणांशी अर्धा-अर्धा तास बोललात तरी पुष्कळ. आणि एजन्सी नेमू नका, माझीसुद्धा. रंगीत स्लाइड मिळतील, त्यात "आयटीतला रोहन" नावाचा एक काल्पनिक तरुण असेल आणि तुम्ही वर्षभर त्याच्यासाठी शिबिर घ्याल.

अभ्यासिकेतला
नवी पेठेत राहतो, एमपीएससी करतोय. मी एकदा दिलंय, परत दिलं नाही. कारण ऐकाल तर हसाल. तुमची शिबिरं रविवारी सकाळी असतात. रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद. रक्त देऊन आलो आणि रात्री वडापाववर काढली, सोमवारी अभ्यासिकेत डोकं गरगरत होतं. रक्तामुळे की उपाशी होतो म्हणून, माहीत नाही. पण रूमवर सगळ्यांनी ठरवून टाकलं की रक्त दिलं की अभ्यासाचा आठवडा जातो.

रक्तपेढीतली
@अभ्यासिकेतला 350 मिली घेतो आम्ही. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, आठवडा जात नाही. पण जेवायला हवंच. हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं, खरंच.

जुनाखोड
मग काय, मेसच्या वेळापत्रकावर शिबिर लावायचं? मधल्या वारी नोकरीवाले येणार नाहीत. गुरुवारी तर पेठेत निम्म्या वेळा पाणी बंद. एकाला विचारून एकाची सोय कराल, दुसरा तुटेल. अशाने पुढे सॅक आणि डबे वाटायची वेळ येते. पैसे देऊन रक्त घेणं 1998 पासून बंद आहे, पण काही मंडळं भेटवस्तूंच्या वाटेने तिथेच निघालीत. पोरांना काय हवं ते विचारलं की हे असं होतं.

मुठाकाठ
@जुनाखोड सॅक कोणी मागितलीच नाही. त्याने रविवारची रात्र सांगितली. शिबिर रविवारीच ठेवू आणि नवी पेठेतल्या पोरांसाठी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात बांधून देऊ. खर्च पोस्टरच्या निम्मासुद्धा नाही. खजिनदारकाकांना हा धागा दाखवला. "चहापुरते पैसे देतो, फॉर्म छापायचे नाहीत" एवढ्यावर आलेत. तर शनिवारी संध्याकाळी सहाला शास्त्री रोडच्या टपरीवर बसू. @अभ्यासिकेतला, रूमवरच्यांना घेऊन येतोस?

अभ्यासिकेतला
शनिवारी टेस्ट सिरीज असते. सगळ्यांचीच.