एफ-117 सात वर्षं लपवलं तरी कसं?

जिंतूरचा_पोरगा
एफ-117 म्हणजे रडारला सहजी न दिसणारं अमेरिकेचं लढाऊ विमान. पहिलं उड्डाण जून 1981 मध्ये, आणि अमेरिकेनं विमान कबूल केलं ते थेट नोव्हेंबर 1988 मध्ये. आमच्याकडं कुणी नवा ट्रॅक्टर आणला तर संध्याकाळपर्यंत त्याचा हप्ता किती, हेसुद्धा पारावर कळलेलं असतं. इथं वैमानिक, मेकॅनिक, त्यांच्या बायका, स्वयंपाकी, एवढी माणसं गप्प बसली. नुसत्या धाकानं?

उदगीरचा_फिटर
धाक होताच लेका, पण कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी लागतंच की. ते काहीतरी म्हणजे ए-7 कोर्सेअर, अमेरिकेचंच जुनं लढाऊ विमान. एफ-117 उडवणारी तुकडी, म्हणजे 4450 वा टॅक्टिकल ग्रुप, कागदोपत्री नेलिस या हवाई तळावरची. काम काय, तर ए-7 वरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचण्या. खरा मुक्काम नेवाडाच्या वाळवंटात, टोनोपाहला. सोमवारी विमानानं तिकडं, शुक्रवारी घरी. कुठं जातो, हे बायकोलाही सांगायचं नाही.

यातली मेख बघ. ए-7 खोटी नव्हती. तीच माणसं ती खरोखर उडवायची, तिच्यावर तास भरायची. त्यामुळं पार्टीत कुणी खोदून विचारलं तरी वैमानिक तासभर ए-7 वर बोलू शकायचा, आणि त्यात एक शब्द बनवलेला नसायचा.

मला मात्र कीव येते ती जमिनीवरच्या पोरांची. विमान दिवसा बाहेर काढायचं नाही, अंधार पडल्यावरच हँगरचं दार उघडायचं, उजाडायच्या आत सगळं आत. आठवडाभर घुबडासारखं जगायचं आणि शनिवार-रविवार लेकराबाळांत दिवसा जागं राहायचं. मी नोकरीत रात्रपाळ्या केल्यात. शरीराला असली उलटापालट सोसत नाही, आणि टोनोपाहला थकव्याची तक्रार कायमचीच होती.

नांदेडकर_गोदाकाठ
काका, पण ते पुरतं लपलं कुठं? ऑगस्ट 1980 मध्ये संरक्षणमंत्री हॅरल्ड ब्राउन यांनीच जाहीर केलं होतं, की रडारला सहजी न दिसणारं विमान बनवायचं तंत्र आमच्याकडं आहे. झाकला होता तो आकार. लोकांनी नावसुद्धा ठेवून टाकलं, एफ-19, कारण एफ-18 नंतर सरकारनं थेट एफ-20 म्हटलं होतं. 1986 मध्ये टेस्टर्स कंपनीनं एफ-19 चं प्लास्टिक मॉडेल विकायला काढलं. गुळगुळीत, गोलसर अंगाचं. खरं विमान सपाट पत्र्यांच्या कोनांचं, कारण 1970 च्या दशकातल्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचं गणित झेपत नव्हतं. मॉडेलवर दंगा केवढा झाला, आणि तो सगळा चुकीच्या आकारावर!

उदगीरचा_फिटर
बरोबर आहे तुझं. आकारच सगळं सांगतो. म्हणून तर 11 जुलै 1986 ला कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ एक एफ-117 पडलं तेव्हा एवढी धावपळ. वैमानिक मेजर रॉस मुल्हेर गेला. जंगलाला आग लागली, सगळा परिसर बंद, हत्यारबंद पहारा. मलबा वेचून नेला, आणि त्या जागी एफ-101 वूडू या जुन्या लढाऊ विमानाचे तुकडे टाकून दिले. उद्या कुणी हौशी माणूस शोधायला आलाच तर त्याच्या हाताला काहीतरी लागावं म्हणून. मी आयुष्यभर विमानाचे पत्रे हाताळलेत, त्यामुळं हे वाचून हसावं की घाबरावं, कळेना.

बिदर_नाक्यावरून
विषय थोडा बाजूला नेतो, पण आपल्या मातीशी जोडलेला आहे. सिडनी कॉटन हे नाव शोधा. 1939 मध्ये हा ऑस्ट्रेलियन गडी व्यापारी म्हणून लॉकहीड विमानातून जर्मनीवरून उडायचा, पोटात कॅमेरे दडवलेले. तोच माणूस 1948 मध्ये निजामासाठी कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून शस्त्रं उतरवत होता. बिदरला, वरंगलला. आमच्या आजोबांच्या पिढीला रझाकार ठाऊक, कॉटन कुणाला ठाऊक?

जिंतूरचा_पोरगा
अरे बाप रे. म्हणजे नाटक एफ-117 च्या लई आधीचं. काका, ती ए-7 अमेरिकेबाहेरही गेली होती का?

उदगीरचा_फिटर
गेली होती. 1984 मध्ये दक्षिण कोरियाला. तुकडी खरंच ए-7 चीच आहे, असं बघणाऱ्याला वाटावं म्हणून.