सेकंड साउंड म्हणजे खरंच आवाज का?
'सेकंड साउंड कानाला ऐकू येतो का' असं कुणी विचारलं, तर नाही हो, नाव फसवं आहे. त्यात दाबाची नाही, तापमानाची लाट असते. द्रव हेलियम २.१७ केल्विनच्या (म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास) खाली गेला की त्याचे जणू दोन भाग होतात, नॉर्मल आणि सुपरफ्लुइड (अजिबात घर्षण न होता वाहणारा), आणि हे दोघं एकमेकांच्या उलट दिशेने हलतात, त्यामुळे घनता जवळपास तेवढीच राहते पण उष्णता मात्र लाटेसारखी पुढे जाते. वेग साधारण २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १० सेंटीमीटरवरच्या थर्मामीटरला हीटरने दिलेला उष्णतेचा धक्का ५ मिलिसेकंदांनी कळतो, तोही ठळक टोक घेऊन, पसरट होऊन नाही. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ पेश्कोवने हे १९४४ मध्येच मोजलं होतं.

मला जास्त भारी वाटतो तो ग्राफाइटमधला सेकंड साउंड. २०१९ मध्ये एमआयटीवाल्यांनी लेसरने ग्राफाइटवर गरम-थंड पट्टे उमटवले आणि १०० केल्विनच्या वर, क्षणभर का होईना, गरम पट्टे थंड अन् थंड गरम झाले! नुसत्या डिफ्यूजनमध्ये (उष्णता नेहमीसारखी हळूहळू पसरते तेव्हा) फरक फक्त मिटत जातो, उलटा कधीच होत नाही. बाकी तिथे सुपरफ्लुइड वगैरे काही नाही, फोनॉन (अणूंच्या कंपनांचे, कणांसारखे वागणारे पुंजके) आपापसात आदळतात पण एकूण संवेग टिकवून ठेवतात, म्हणून लाट जमते.