कायदा राज्याचा, डोकेदुखी जिल्ह्याची

"राज्याने कायदा केला, पैसेही दिले, मग जिल्ह्यांची कुरकुर कशाला?" असा प्रश्न अमेरिकेतल्या शाळासुधारणेच्या कायद्यांबद्दल विचारला जातो. आम्ही तिथल्या मेरीलँड राज्यात राहतो, म्हणून तिथलंच सांगतो.

सरकारी शाळा सुधारण्यासाठी नेमलेला कर्वन आयोग 2016 चा. त्याच्या शिफारशींवर बेतलेल्या 'ब्लूप्रिंट' कायद्यावर राज्यपाल होगन यांनी 2020 मध्ये नकाराधिकार वापरला. 2021 मध्ये विधिमंडळाने तो मोडून काढला. राज्यात 24 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे शालेय जिल्हे. प्रत्येकाने आपली योजना राज्याच्या मंडळाकडून मंजूर करून घ्यायची. पैशांचंही, काही वाटा राज्याचा, बाकी काउंटीने (म्हणजे स्थानिक जिल्हा प्रशासनाने) घालायचा. म्हणजे काउंटीच्या बजेटात रस्ते, पोलीस आणि शाळा यांची ओढाताण आलीच.

या कायद्यातली खरी मेख मात्र शिक्षकांच्या वेळेत आहे. शिक्षकाने साधारण 60 टक्के वेळच वर्गात द्यायचा, उरलेल्यात तयारी, सहकाऱ्यांशी चर्चा, मागे पडलेल्या मुलांकडे लक्ष. कल्पना झकास! पण ते तास घेणार कोण? तेवढे जादा शिक्षक आणायचे कुठून? अखेर 2025 मध्ये ही तरतूद पुढे ढकलावी लागली.

आमच्याकडच्या बजेट सुनावणीला मी बसलो होतो. एक शिक्षिका माइकवर म्हणाल्या, "सुरुवातीचा पगार 60 हजार डॉलर होणार, छान. पण माझ्या वर्गातली मदतनीस काढताय ना?" समोर सगळे कागद चाळायला लागले.

त्यामुळे कुरकुरीला मी तरी निव्वळ रडगाणं म्हणणार नाही.