सायबीण घरी यायची आहे, आई म्हणते मूर्ती नको

राहुरीचा

नमस्कार मंडळी. मी मूळचा राहुरी तालुक्यातला. सहा वर्षं झाली, गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि सासष्टी तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीत, भाड्याचं घर. घरात मी, बायको, मुलगी आणि मार्चपासून आई. बाबा गेल्यावर तिला गावी एकटं ठेवायला जीव धजेना.

आम्ही ख्रिस्ती, पण नगरकडचे, म्हणजे प्रोटेस्टंट. भिंतीवर क्रूस आहे, त्यावर येशू नाही. मूर्ती नाही, मेणबत्ती फक्त वीज गेली की. आईची भक्ती म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गीतांचं पुस्तक आणि पहाटे पाचला डोक्यावर पदर घेऊन केलेली प्रार्थना, तीही इतकी मोठ्याने की देवाला कमी ऐकू येत असावं. गावच्या मंडळीत टाळ-पेटीवर भजनं व्हायची. इथे रविवारी मोबाइलवर गावच्या उपासनेचं रेकॉर्डिंग लावून बसते.

गेल्या नाताळात आम्ही दाराला ताऱ्याचा कंदील लावला. त्यावरून वाड्याने धरून चाललं की हे आपलेच. आता सायबिणीची फेरी सुरू झाली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मरियेची छोटी मूर्ती संध्याकाळी गाणी म्हणत एका घरातून दुसऱ्या घरी नेतात, तिथे तेर्स होतो, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग खाणंपिणं, आणि मूर्ती रात्रभर त्या घरी राहते. शेजारच्या आंटी हसतमुखाने सांगून गेल्या, "येत्या बुधवारी तुमच्याकडे."

मी "हो हो" म्हणून बसलो. आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, एवढंच म्हणाली, "मग बुधवारी मला स्टेशनवर सोड."

आंटींनी आईच्या तापात तीन दिवस पेज आणून दिली आहे. नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू?

बार्देशकार

भाऊ, घाबरू नका. मी कॅथलिक, शाळा मराठीतून झालेला जुना माणूस. फेरीतली आपली पाळी टाळता येते. कोणाकडे बाळंतपण असतं, कोणाचं घर रंगवायला काढलेलं असतं, मग सायबीण पुढच्या घरी एक रात्र जास्त राहते. कोणी मनावर घेत नाही. मनावर घेतात ते शेवटच्या क्षणी कुलूप लावून गेलेलं. आमच्या वाड्यावर एकाने तसं केलं होतं, वीस वर्षं झाली, अजून निघतं.

तेव्हा आजच जा आणि खरं सांगा. फक्त "आम्ही मानत नाही" असं म्हणू नका, "आमची रीत वेगळी" म्हणा. अर्थ तोच, पण चहा मिळतो.

आणि आईंना माझ्यातर्फे सांगा, आम्ही मूर्तीची पूजा करत नाही. मरियेला म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. आईकडून बापाला निरोप पाठवतात ना घरोघरी, तसं.

शिरगावची सून

आम्ही हिंदू, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियाच, आमच्याकडे मिराबाय, आमच्या शिरगावच्या लईराई देवीची बहीण. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सोमवारी तिचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असतं, तेव्हा सासूबाई तेलाची बाटली घेऊन रांगेत उभ्या. शिरगावहून तिकडे तेल, आणि आमच्या जत्रेला तिकडून मोगरीची फुलं, अशी बहिणीबहिणींची देवघेव. सासूबाईंना कोणी विचारलं की ती तुमची की त्यांची, तर त्या विचारणाऱ्याकडेच वेड्यासारखं बघतात.

दारी आलेल्या बाईला पाट द्यावा, पाणी द्यावं. तुमच्या आईंना एवढं जड का जावं ते खरंच कळलं नाही.

उपासक, वास्को

ताई, तुमची भावना चांगली आहे, पण ज्याचं काळीज त्यालाच ठाऊक. मी सोलापूरचा, यांच्याच पंथाचा. आमच्याकडे बायबलातलं निर्गम 20 लहानपणी पाठ करून घेतात: कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस. सत्तरीच्या बाईला "त्यात काय एवढं" म्हणून चालत नाही. कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या एका वचनापायी भावकी सोडली आहे.

पण राहुरीकर, तुम्हालाही एक सांगतो. पौलाने 1 करिंथ 8 मध्ये मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल लिहिलं आहे. खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण तुझ्या खाण्याने भावाचं मन दुखावत असेल तर खाऊ नकोस. तुम्हाला स्वतःला चालत असेलही. इथे मन आईचं आहे, ते आंटींच्या पेजेपुढे स्वस्त करू नका.

ओवीवाला

थोडं विषयांतर. आईंना गोव्यातलं ख्रिस्तीपण परक्या भाषेतलं वाटत असेल तर सांगा, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत पहिल्यांदा छापली गेली ती याच सासष्टीत, रायतूरला, 1616 साली. ख्रिस्तपुराण. लिहिणारा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीत (जेझुइट) पाद्री, ओव्या अकरा हजारांच्या आसपास, छापली मात्र रोमन अक्षरांत. तुमच्या वेर्ण्याहून रायतूर फार लांब नाही.

राहुरीचा

सर्वांचे आभार. बुधवार पार पडला, म्हणून लिहितो.

बार्देशकारांचं ऐकून त्याच रात्री आंटींकडे गेलो. उपासकांचं म्हणणंही डोक्यात होतंच. जे आहे ते सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आत नाका जाल्यार बाल्कांवार दवरूंया." म्हणजे आत नको तर बाल्कांवावर, दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, ठेवू. तेर्स आमच्याकडे, मूर्ती रात्री त्यांच्याकडे.

आता प्रश्न असा पडला की बाल्कांव घरात धरायचा की घराबाहेर. बायको म्हणे आत, छप्पर एकच आहे. शेवटी आईने निकाल दिला: चपला जिथे काढतात तिथवर बाहेर. चपला आमच्या उंबऱ्याशी असतात. म्हणजे बाल्कांव बाहेर. स्टेशनचा विषय तिथेच मिटला.

टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, फुलं सगळं आंटींनीच आणलं. वीस-बावीस माणसं आली. आई उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून, पाठ अर्धी वळवून बसली. पन्नास वेळा नमान मोरिये, म्हणजे मरियेची प्रार्थना. ती खिडकीबाहेर बघत होती. पण प्रत्येक दहा मण्यांच्या आधी "आमच्या बापा" येतं. पहिल्याच वेळी तिने मान वळवली. "आमचो दिसपट्टो गिरास", म्हणजे आमची रोजची भाकर, हे ऐकून मला हळूच म्हणाली, "भाकरीला घास म्हणतात होय?" आणि मराठीतून बरोबरीने म्हणू लागली.

गंमत पुढे. कॅथलिक ही प्रार्थना वाइटापासून सोडव इथे आमेन म्हणून संपवतात. आमच्यात पुढे एक ओळ आहे. सगळे थांबले आणि आतून आईचा पहाटेचा आवाज: "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत, आमेन." तोवर बाहेर नमान मोरिये सुरू झालं होतं, ते अडखळलं. मुलगी तोंड दाबून हसली. मला घाम फुटला.

दुसऱ्या दहाला पुन्हा तेच. तिसऱ्याला तेर्स सांगणारे म्हातारबा आपलं आमेन म्हणून झाल्यावर गप्प राहिले, दाराकडे बघत. आईचं झालं, मग त्यांनी मणी पुढे सरकवला. चौथ्याला आणि पाचव्यालाही.

नंतर उकडलेले चणे वाटले, खोबऱ्याचे काप घातलेले. आईने ते उंबऱ्याच्या आत बसूनच खाल्ले. मूर्तीकडे ती एकदाही गेली नाही. आंटींनीही बोलावलं नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, चण्यात मीठ कमी होतं, पुढच्या वर्षी मी करीन. पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

ओवीवाले, ते पुराण देवनागरीत कुठे मिळेल? आईला अक्षर मोठं लागतं.